कलावंताचा होकार : प्रयोगकलांच्या संशोधनाचा आराखडा आणि नीती

विद्यापीठात संशोधनासाठी नाव नोंदवायचे तर आधी आराखडा द्यावा लागतो. शीर्षक, उद्दिष्टे, गृहीतके, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधनपद्धती, प्रकरणांची विभागणी आणि संदर्भसूची असे त्याचे ठरलेले रकाने असतात. विषय तमाशाचा असो, आंबेडकरी जलशाचा असो, की पोतराजाचा, रकाने तेच. या रकान्यांत एक प्रश्न मात्र कुठेच विचारलेला नसतो. ज्या माणसाच्या गळ्यावर, हातावर आणि पायांवर हा प्रबंध उभा राहणार, त्याला या संशोधनातून काय मिळणार आणि त्याचे काय जाणार? हा प्रश्न प्रबंधाच्या शेवटी, ऋणनिर्देशात, दोन गोड वाक्यांनी मिटवला जातो. तो आराखड्याच्या पहिल्या पानावर का असायला हवा आणि तिथे तो ठेवला की संशोधनाची पुढची सगळी पाने कशी बदलतात, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

संशोधनाची नीती म्हटले की आपल्या महाविद्यालयांत आज एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते : वाङ्मयचौर्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली त्याविषयी नियम केले. २०१९ साली पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. हे योग्यच झाले. परंतु या व्यवस्थेची नजर छापील शब्दावर आहे. संगणकातील आज्ञावली दुसऱ्या प्राध्यापकाचे उचललेले वाक्य अचूक पकडते. शाहिराच्या तोंडून उचललेले कवन तिला पकडता येत नाही, कारण ते कवन कोणत्याच ग्रंथालयात कधी दाखल झालेले नसते. म्हणजे ज्याच्यापाशी छापखाना होता त्याच्या शब्दाला संरक्षण आहे आणि ज्याच्यापाशी फक्त गळा होता त्याच्या शब्दाला नाही. साक्षरतेच्या बाहेर ठेवलेल्या समाजांच्या कलेचा अभ्यास करताना हा फरक साधा तांत्रिक फरक म्हणून सोडून देता येत नाही.

दस्तऐवज म्हणजे जिवंत माणूस

जुन्या हस्तलिखितांचा पाठ तपासणाऱ्या अभ्यासकाला पोथीची परवानगी घ्यावी लागत नाही. पोथीला भूक नसते, तिला शाळेत जाणारी मुले नसतात, गावकी तिच्यावर बहिष्कार टाकीत नाही. प्रयोगकलेचे तसे नाही. इथे दस्तऐवज म्हणजे माणूस. त्याने गायले तर गाणे आहे, तिने पाऊल उचलले तर नाच आहे. आणि महाराष्ट्रात या माणसाला जात आहे. तमाशाच्या फडांत महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ या समाजांतील कलावंतांचा भरणा राहिला. हलगी कोणी वाजवायची, पोतराज कोणी व्हायचे, जोगतीण म्हणून मुलगी कोणी सोडायची, हे गावगाड्याने जातीवरून ठरवले होते. कला आणि जातीने लादलेले काम यांची अशी सरमिसळ झालेली असताना 'मी फक्त कलेचा अभ्यास करतो' असे म्हणणारा संशोधक अर्धेच सत्य सांगत असतो.

या क्षेत्रातील आजवरच्या लेखनाकडे पाहिले की नावाचा हिशेब लगेच दिसतो. पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण असून त्यांनी फड धरला, म्हणून त्यांच्या त्यागाच्या कथा झाल्या. पवळा हिवरगावकर ही महार समाजातील असामान्य कलावती. पण बहुतेक ठिकाणी ती बापूरावांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून येते. लावणीच्या शेवटी कवीची नाममुद्रा असते. ती लावणी फडात जिने उभी केली तिची मुद्रा कुठेच उमटत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि २००२ साली आर्थिक ओढाताणीतच त्या गेल्या. प्रयोग चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. दिवस भरलेल्या बाईला रात्री बोर्डावर का उभे राहावे लागले, फडाचा कोणता करार, कोणते कर्ज, प्रेक्षकांची कोणती दहशत तिला तिथे उभी करीत होती, हा प्रश्न कौतुकात बुडून जातो. संशोधकाने कौतुकाची री ओढायची की हा प्रश्न विचारायचा, याचा निर्णय मुलाखतीच्या दिवशी होत नाही. तो आराखडा लिहिताना झालेला असतो.

प्रश्न कोणी ठरवला?

म्हणून नीतीची पहिली परीक्षा शीर्षकापाशीच सुरू होते. 'तमाशातील अश्लीलता : एक चिकित्सक अभ्यास' असे शीर्षक घेऊन निघालेला विद्यार्थी मुलाखत घेण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळा झालेला असतो. अश्लीलतेचा आरोप हा तमाशाच्या इतिहासात केवळ टीकाकारांचा शब्द नव्हता. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबई सरकारने याच कारणावरून तमाशावर निर्बंध आणले आणि फडांना आपल्या संहिता तपासून घ्याव्या लागल्या. अण्णा भाऊ साठ्यांनी रूढ केलेल्या 'लोकनाट्य' या नावामागे हाही इतिहास आहे. शर्मिला रेगे यांनी १९९०च्या दशकात लावणी कलावतींविषयी लिहिताना आणि शैलजा पाईक यांनी २०२२ सालच्या 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या ग्रंथात प्रश्नाची दिशाच फिरवली. तमाशा अश्लील आहे काय, हा प्रश्न बाजूला ठेवून, कोणी कोणाला अश्लील ठरवले आणि त्यातून कोणाची प्रतिष्ठा वाढली, हा प्रश्न त्यांच्या लेखनामुळे पुढे आला. साधने तीच, माणसे तीच. प्रश्न बदलताच आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे आहे हेही बदलते.

प्रश्नावलीचेही असेच. संगीत बारीतील कोल्हाटी कलावतीला भेटायला जाणारे बरेच विद्यार्थी 'चिरा उतरवणे' या प्रथेविषयी पहिल्याच भेटीत विचारू पाहतात, कारण पुस्तकांत तेच रंगवून लिहिलेले असते. अनोळखी प्राध्यापिकेला पहिल्या भेटीत तिच्या लग्नाच्या पहिल्या रात्रीविषयी विचारण्याची कोणाची छाती होत नाही. कलावतीला मात्र बिनदिक्कत विचारले जाते. तिच्या खासगीपणाची किंमत आपण कमी धरली आहे, एवढाच याचा अर्थ होतो. तिचा ताल, तिची अदा, शिकवणारी आई किंवा मावशी, पेटीवाल्या-तबलेवाल्याबरोबरचे वाटे, थिएटरमालकाचा हिस्सा, मुलांच्या शाळेतील नावनोंदणी हे प्रश्न तिच्या जगण्याला आणि तिच्या कलेला अधिक जवळचे आहेत. ज्या प्रथेने जखम केली त्या प्रथेविषयी बोलायचे की नाही, बोलायचे तर कधी, हे तिला ठरवू द्यावे. आराखड्यात याचा साधा अर्थ असा की प्रश्नावली पक्की करण्यापूर्वी एक-दोन भेटी नुसत्या ओळखीसाठी राखून ठेवायच्या आणि 'आमच्याविषयी काय लिहिले जावे असे तुम्हाला वाटते' हा प्रश्न पहिल्या यादीत घालायचा.

हंगाम, उचल आणि मुलाखतीचे मोल

आराखड्याला वेळापत्रक जोडावे लागते. ते विद्यापीठाच्या सोयीने केले जाते. ढोलकी फडाचे वर्ष वेगळे असते. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात. चैत्र-वैशाखातील गावोगावच्या जत्रा म्हणजे त्यांच्या कमाईचे दिवस. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात; गावकरी येतात, सुपारी ठरते. पावसाळ्यात काम नसते; कलावंत उचल घेऊन घर चालवतो आणि पुढच्या हंगामात ती फेडतो. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या टाळेबंदीत जत्राच झाल्या नाहीत, तेव्हा लागोपाठ दोन हंगाम बुडाले. आता आपल्या वेळापत्रकाकडे पाहा. विद्यार्थी आणि प्राध्यापक क्षेत्रकार्याला निघतात ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे फड रोज नव्या गावी आणि कलावंत रात्रभर जागा असतो त्या दिवसांत. सकाळी दहाला राहुटीत जाऊन बसणारा संशोधक त्याची झोप मागत असतो. पावसाळ्यात कलावंत मोकळा असतो, पण तेव्हा त्याला पैशाची नड असते आणि नडीतला माणूस सहसा 'नाही' म्हणत नाही. या दोन्ही गोष्टींचा विचार करून भेटींचे दिवस ठरवणे हा संशोधनपद्धतीचाच भाग होय.

मोबदला द्यावा की नाही, यावर आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, पैसे दिले की उत्तर विकत घेतल्यासारखे होते. दुसरे म्हणते, कलावंत गरीब आहे, काहीतरी द्यावे. पहिल्या मताचे लोक चर्चासत्रात बीजभाषणाचे मानधन आणि प्रवासखर्च घेतात आणि त्यामुळे त्यांचे विचार विकले गेले असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्या मतात दान आहे आणि दानात दाता वरच्या पायरीवर उभा असतो. सरळ मार्ग असा : वेळेचे पैसे द्यावेत, उत्तराचे देऊ नयेत. रोजगार बुडाला असेल तर तेवढा रोज, गायन-वादन करून दाखवायला सांगितले असेल तर त्याची बिदागी, आणि ही रक्कम सर्वांना एकाच दराने, आधी सांगून. अनुदानाच्या अर्जात प्रवास, झेरॉक्स, टंकलेखन यांना रकाना असतो तसाच कलावंताच्या मानधनाला असावा. अनुदान नसलेल्या विद्यार्थ्याला हे परवडणार नाही, हे खरे आहे. त्याने निदान कमी लोकांचे, कमी तास घ्यावेत आणि फुकट सादरीकरण मागू नये.

होकार कोणाचा?

फडात गेल्यावर फडमालकाची परवानगी घेतली की काम झाले असे समजले जाते. फडमालकाचा होकार हा राहुटीत येण्याचा होकार आहे. नाचणाऱ्या मुलीचा, सोंगाड्याचा, ढोलकीवाल्याचा होकार त्याच्या खिशात नसतो. विशेषतः ज्याच्यावर मालकाची उचल बाकी आहे त्याचा तर नाहीच. तो वेगळा आणि मालक समोर नसताना घ्यावा लागतो. तसेच गावच्या सरपंचाने सांगितले म्हणून वस्तीतला हलगीवाला अंगणात येऊन वाजवू लागला, तर त्याला आपण होकार म्हणू नये. ती जुनी वेठ नव्या कारणासाठी पुन्हा सुरू झालेली असते.

होकार लेखी असावा, असा आग्रह संस्था धरतात. पण आपल्या समाजात कागदावरच्या अंगठ्याला इतिहास आहे. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला आणि जमीन गेली, ही कथा ज्या घरात सांगितली गेली तिथे छापील अर्जावर सही मागणे म्हणजे विश्वास मागणे नव्हे, भीती जागवणे होय. अशा वेळी होकार तोंडी घ्यावा, त्याचेच ध्वनिमुद्रण करावे आणि तो एकरकमी घेऊ नये. माझ्याशी बोलाल का? बोललेले लिहून घेऊ का? आवाज मुद्रित करू का? चित्रीकरण करू का? ते वर्गात दाखवू का? सगळ्या जगाला दिसेल असे ठेवू का? तुमचे नाव लिहू का? हे सात वेगवेगळे प्रश्न आहेत आणि एकाला 'हो' म्हणणारा दुसऱ्याला 'नाही' म्हणू शकतो. शिवाय आज दिलेला होकार उद्या मागे घेता येईल हे त्याला सांगावे आणि त्यासाठी संशोधकाचा व मार्गदर्शकाचा पत्ता त्याच्यापाशी ठेवावा.

नाव झाकायचे की लिहायचे?

समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शिकवले जाते की माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवा. दारूचे व्यसन, कौटुंबिक हिंसा यांसारख्या विषयांत ते बरोबर आहे. प्रयोगकलेत हाच नियम उलटा पडू शकतो. कलावंताची सारी कमाई म्हणजे त्याचे नाव. 'एक वृद्ध शाहीर, वय ७०, मराठवाडा' असे लिहिले की त्याचे संरक्षण होत नाही, तो पुसला जातो. आणि प्रबंधाच्या मुखपृष्ठावर संशोधकाचे नाव मात्र ठळक असते. जात्यावरच्या ओव्यांचे जे काम हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने झाले, त्यात लाखावर ओव्या गोळा झाल्या आणि त्या ओव्यांसोबत गाणारणीचे नाव व गाव नोंदवण्याची शिस्त ठेवली गेली. २०१७पासून हा ठेवा 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या व्यासपीठावरून लोकांपुढे येत आहे. 'लोकगीताला कर्ता नसतो' असे म्हणत ज्या स्त्रियांना वगळले जात होते, त्या तिथे नावानिशी उभ्या आहेत. आंबेडकरी जलशांच्या बाबतीत भीमराव कर्डकांनी १९७८ साली स्वतःच जलशांविषयी पुस्तक लिहिले. आपला इतिहास दुसऱ्याच्या ऋणनिर्देशात जाऊ द्यायचा नाही, असाच त्याचा अर्थ आपण घ्यावा. तेव्हा नाव लिहायचे की झाकायचे हे संशोधकाने ठरवू नये, कलावंताला विचारावे. एकाच माणसाला आपल्या लावणीखाली नाव हवे असेल आणि मालकाविषयीच्या तक्रारीखाली नको असेल. तशी सोय ठेवता येते.

कायदा इथे काय म्हणतो हे कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने प्रयोग करणाऱ्याचे हक्क आले. प्रयोगकर्ता म्हणजे कोण, याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबाऱ्यासारखे कसरती करणारा, जादूगार आणि गारुडीही आहेत. २०१२च्या दुरुस्तीने आपल्या प्रयोगाबरोबर आपले नाव येण्याचा आणि प्रयोगाची प्रतिष्ठा घालवणारी मोडतोड रोखण्याचा नैतिक हक्कही मिळाला. मात्र याच कायद्यात अध्यापन व संशोधन यांसाठी प्रामाणिकपणे केलेले मुद्रण हक्कभंग मानले जात नाही. आणि केलेल्या ध्वनिमुद्रणाचा स्वामी सर्वसाधारणपणे ते मुद्रण घडवून आणणारा असतो. साध्या भाषेत सांगायचे तर यंत्र ज्याच्या हाती, मुद्रण त्याच्या नावे. संशोधकाला मिळालेली ही सवलत अभ्यासापुरती आहे. तेच चित्रीकरण भ्रमणध्वनीवरून जगभर टाकणे, त्यावर जाहिरातीचे पैसे मिळवणे, या गोष्टी त्या सवलतीत बसत नाहीत. आणि कायद्याने जिथे मोकळीक दिली तिथेही नीतीने विचारायचे असते : मूळ मुद्रणाची एक प्रत कलावंताच्या घरी गेली का?

नकाराचा हक्क

आता या विषयाच्या गाभ्याशी येऊ. प्रयोगकलांचे अभ्यासक 'लुप्त होत चाललेल्या कला'विषयी हळहळतात. कोणती कला लुप्त झाली आणि कोणती जाणीवपूर्वक सोडली गेली, यात त्यांना भेद दिसत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर गावोगावच्या बौद्धांनी गावकीची कामे टाकली. पोतराजाचे केस उतरवले गेले. मरीआईच्या गाड्यापुढे वाजवणे बंद झाले. ही कलेची हानी नव्हती. माणसाने स्वतःच्या अंगावरचा पट्टा काढला होता. त्यासाठी अनेक ठिकाणी मार खावा लागला, बहिष्कार सोसावा लागला. अशा वस्तीत जाऊन म्हाताऱ्या आजोबांना 'एकदा कॅमेऱ्यासाठी पूर्वीसारखे वाजवून दाखवा' असे सांगणारा संशोधक काय मागतो आहे, हे त्याला कळले पाहिजे. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली, हा प्रसंग आंबेडकरी परंपरेत सांगितला जातो. आपल्या भगिनींना नाचवून मिळवलेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका. या भूमिकेचा तमाशा कलावतींवर काय परिणाम झाला, याविषयी आज स्त्रीवादी अभ्यासक वेगळे प्रश्न विचारतात आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु काही कला सोडणे हेही सांस्कृतिक कृत्य आहे, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. आज काही तरुण हलगी पुन्हा हाती घेत आहेत. वेठ म्हणून नव्हे, मोर्चाच्या आणि जयंतीच्या अग्रभागी, स्वतःच्या मर्जीने. तमिळनाडूत दलित तरुणांनी 'परै' हे वाद्य असेच अभिमानाचे चिन्ह केले. आजोबांचा नकार आणि नातवाचा स्वीकार, दोन्ही खरे आहेत. यांपैकी कोणाचे बरोबर, याचा निवाडा करण्यासाठी संशोधकाला कोणी बोलावलेले नाही. त्याने दोघांचेही म्हणणे नोंदवावे आणि ज्याने वाजवायला नकार दिला त्याचा नकार 'माहिती मिळाली नाही' अशा शब्दांत न गाडता एक माहिती म्हणूनच लिहावा.

धोका कोणाच्या वाट्याला?

काही नोंदी माणसाला गोत्यात आणतात. महाराष्ट्रात २००५च्या कायद्याने देवदासी म्हणून सोडणे हा गुन्हा आहे. जोगतिणींच्या गाण्यांचा अभ्यासक समर्पणाचे चित्रीकरण करून आला, तर ते चित्रीकरण उद्या त्याच जोगतिणीविरुद्ध पुरावा होते. उलट बाजूने, अल्पवयीन मुलीवरील लैंगिक अत्याचार कळला तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे तो कळवण्याचे बंधन प्रत्येकावर आहे. तेथे 'तुमचे सगळे गुप्त ठेवतो' हे वचन पाळताच येणार नाही. म्हणून गुप्ततेची हद्द कुठे संपते हे बोलणे सुरू करण्याआधीच सांगितले पाहिजे. विद्रोही शाहिरांचेही तसेच. कबीर कला मंचाच्या कलावंतांना २०२० साली एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली, हे आपल्यासमोर आहे. वकिलाला आपल्या अशिलाचे बोलणे न सांगण्याची मुभा कायद्याने आहे. संशोधकाला तशी मुभा नाही. त्याची वही, त्याचा संगणक, त्याचा भ्रमणध्वनी जप्त होऊ शकतो. तेव्हा काय नोंदवायचे याइतकेच काय नोंदवायचे नाही, कोणती नावे वहीत येऊ द्यायची नाहीत, जुनी मुद्रणे कुठे व किती काळ ठेवायची, हे आराखड्याच्या वेळीच मार्गदर्शकाशी बसून ठरवावे. प्रबंध परत आला तर संशोधकाचे एक वर्ष जाते. शाहीर आत गेला तर त्याचे घर बसते.

आपली माणसे, आपले संशोधक

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे सर्व उच्चवर्णीय संशोधकांना सांगा. आम्ही तर आमच्याच माणसांत जातो. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. घरात पहिल्यांदा पदवी घेतलेली आमची पिढी आज महाविद्यालयांत शिकवते आहे आणि प्रबंधांना मार्गदर्शन करते आहे. जात एक असली तरी हाती आलेली पदवी, पगार आणि लेखणी यांनी आपल्यात आणि फडातल्या बाईत अंतर पाडले आहे. पुरुष संशोधक असेल तर ते आणखी वाढते. आपलेपणामुळे दार लवकर उघडते. म्हणूनच विश्वासघात व्हायला वेळही कमी लागतो. 'दादा, तुम्ही आपलेच' म्हणून सांगितलेली गोष्ट पदवीसाठी वापरली गेली, तर पुढे त्या वस्तीत आपल्यातल्या दुसऱ्या कोणालाही दार उघडणार नाही. प्रस्थापितांनी आपल्याला अभ्यासाचा विषय केले, ही आपली तक्रार रास्त आहे. ती तक्रार आपल्याविरुद्ध कोणाला करावी लागू नये, ही जबाबदारी आता आपली आहे.

मग आराखड्यात प्रत्यक्ष काय असावे? माझ्या मते संशोधनपद्धतीच्या रकान्यातच पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत. हा विषय कोणी निवडला आणि कलावंतांशी आधी बोलणे झाले का? भेटींचे दिवस त्यांच्या हंगामाशी जुळवले आहेत का? मानधनाचा दर आणि तरतूद काय? होकार कोणाकोणाचा, कशा टप्प्यांनी घेणार? नावाचा निर्णय कोण करणार? काय नोंदवणार नाही? मुद्रणाच्या प्रती कोठे राहणार आणि कलावंताला कधी मिळणार? प्रबंध पूर्ण होण्यापूर्वी संबंधित प्रकरण त्याला वाचून दाखवणार का, आणि त्याचा आक्षेप आला तर तो छापणार का? नोंदणी समितीने ही उत्तरे नसलेला आराखडा परत पाठवावा.

यातील शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी पाळली जाणारी आहे. वयोवृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. तिच्या अर्जाला कलेतील कामगिरीचे पुरावे जोडावे लागतात आणि आयुष्यभर तुणतुणे धरलेल्या माणसापाशी कात्रण नसते, छायाचित्र नसते, प्रमाणपत्र नसते. त्याच्यावर लिहिलेला प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात असतो. त्या प्रबंधातील चार पानांची प्रत, मुद्रणाची तारीख आणि मार्गदर्शकाच्या सहीचे एक पत्र त्याच्या घरी पोचले असते, तर निदान अर्जाला जोडायला त्याच्या हाती काही असते. आपल्या विभागातील जुने प्रबंध काढून, त्यांत ज्यांची नावे आहेत त्या हयात कलावंतांना हे कागद पाठवण्याचे काम या सत्रातही सुरू करता येईल. त्याला कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याची गरज नाही.